‘एक वर्ष तरी थांबा’ हा हिशेब कुणी घातला?

घरातलं कुत्रं किंवा मांजर गेल्याचं कळवलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोनवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘पाळीव प्राणी गेल्यावर किमान एक वर्ष दुसरा आणू नका. दुःखाचे पाचही टप्पे पूर्ण होऊ द्या. लगेच दुसरा आणणं म्हणजे गेलेल्याला विसरणं. आणायचाच झाला तर त्याच जातीचा, त्याच रंगाचा आणा, मन लवकर रमतं. घरात दुसरा प्राणी उरला असेल तर मात्र ताबडतोब जोडीदार आणा, नाहीतर तो झुरून मरतो. आणि साठी उलटली असेल तर आणूच नका.’ खाली जोडलेले हात आणि पावलांचे ठसे.

मला हा मजकूर दोनदा आला. पहिल्या वेळी मी तो मोडला, दुसऱ्या वेळी तंतोतंत पाळला, आणि दोन्ही वेळा फसले. पाठवणाऱ्यांवर राग नाही, त्यांना काहीतरी आधाराचं बोलायचं असतं. पण यातलं एकेक वाक्य घेऊन बसलं तर फारसं काही शिल्लक राहत नाही. आणि ज्या एका गोष्टीसाठी खरोखर महिने मोजावे लागतात तिचा या मजकुरात उल्लेखच नाही. तिच्याकडे येतेच.

‘किमान एक वर्ष’

कुणाचं वर्ष? हॅम्स्टर जेमतेम दोन-तीन वर्षं जगतो, पाळलेले पांढरे उंदीरही तेवढेच. त्यांच्या माणसाला वर्षभर थांबायला सांगायचं, म्हणजे जवळजवळ अर्ध्या आयुष्याएवढा काळ रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत बसायला सांगायचं. करड्या आफ्रिकन पोपटाबरोबर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला बारा महिन्यांत काय होणार? कुत्रं साधारण दहा ते तेरा वर्षं, घरात राहणारं मांजर बऱ्याचदा पंधराच्या पुढे. एवढ्या वेगवेगळ्या मापांना एकच झाकण बसवलंय.

बरं, गेलेला गेला कसा, हेही या वर्षाच्या हिशेबात नाही. माझा कुत्रा टिपू दोन्ही मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. शेवटचं सव्वा वर्ष आम्ही त्याला घरीच कातडीखालून सलाइन देत होतो. रात्री दोनला उठून त्याला बाहेर न्यायचं, परत आणून पुसायचं, पुन्हा चारला उठायचं. तो गेला त्या दिवशी मी फार रडले नाही, कारण माझं बहुतेक रडून झालं होतं. लोकांना वाटलं ही कोरडी आहे. असं आधीच सुरू होणारं दुःख ज्यांनी दीर्घ आजारपण काढलंय त्यांना सांगावं लागत नाही.

चौथ्या दिवशी मी आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलं. बटू. घर खायला उठलं होतं आणि संध्याकाळी सहा वाजता हातात पट्टा नसणं मला सहन होत नव्हतं, एवढंच कारण. मजकूर मोडला म्हणायचा तो असा. पुढचे चार महिने वाईट गेले. आठ आठवड्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही, म्हणजे रात्रीचं दोन आणि चारचं उठणं परत सुरू. मी त्याच्यावर खेकसायचे. त्याने चप्पल फाडली की मनात यायचं, टिपूने असं कधी केलं नव्हतं. (केलं होतं. तेरा वर्षांपूर्वी. मी विसरले होते.) बटूचं सगळं बालपण माझ्या चिडचिडीत गेलं आणि ते मला त्याला परत देता आलं नाही.

तेव्हा मजकूर पाठवणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘बघ, सांगत होते ना, दुःख ताजं होतं.’ नाही, मावशी. दुःख होतंच, पण खरा घोटाळा झोपेचा होता. सव्वा वर्ष सेवा करून माझं शरीर थकलं होतं आणि मी लगेच घरात सगळ्यात जास्त जागवणारा प्राणी आणला होता. तीन आठवडे नीट झोपले असते, किंवा पिल्लाऐवजी मोठं, घरात राहायची सवय असलेलं कुत्रं आणलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं असं माझं मत आहे. वर्षाची गरज नव्हती.

आता पाळल्याची गोष्ट. बटू सहा वर्षांचा असताना गाडीखाली गेला. सकाळी होता, दुपारी नव्हता. यावेळी मी शहाणपण केलं: वर्ष म्हणजे वर्ष. तिसऱ्या महिन्यात ओळखीतल्या एकांनी विचारलं, तीन वर्षांची एक कुत्री आहे, घर बदलतायत म्हणून ठेवता येत नाही, घ्याल का? मी तिला जाऊन बघितलंही. मला ती आवडली. ‘अजून वर्ष व्हायचंय’ म्हणून नाही म्हणाले. वर्ष उलटल्यावर मी शोधायला लागले तेव्हा तीच पुन्हा समोर आली, मधल्या काळात दोन घरं बदलून. ती आता आमच्याकडेच आहे, झिपरी. दार जोरात आपटलं की अजून पलंगाखाली शिरते. पहिल्यांदा पाहिली होती तेव्हा असं करत नव्हती.

त्या नऊ महिन्यांत माझं दुःख किती कमी झालं? बटूच्या जागेवर बसायचे आणि रडायचे, ते झिपरी आल्यावरही काही दिवस चालूच होतं. फरक इतकाच की आता ती शेजारी येऊन बसायची.

‘दुःखाचे पाचही टप्पे पूर्ण होऊ द्या’

हे पाच टप्पे, म्हणजे नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार, मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले. त्यांनी मुलाखती घेतल्या होत्या त्या मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या. स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं, याचं ते वर्णन होतं. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं, आणि मग घटस्फोटापासून नोकरी जाण्यापर्यंत सगळ्यालाच. पुढे खुद्द त्यांनीही लिहून ठेवलं की हे टप्पे म्हणजे गुंतागुंतीच्या भावना नीटनेटक्या पुडक्यांत बांधण्यासाठी नव्हते. पण तोवर शिडी तयार झाली होती आणि लोक पायऱ्या मोजायला लागले होते.

दुःखाचा अभ्यास करणारे पुढे बरेच सरकलेत. मार्गारेट स्ट्रीब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र मला माझ्या घराशी जास्त जुळणारं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की माणूस दुःखात येरझारा घालतो. एक फेरी गमावलेल्याकडे: फोटो, आठवणी, रडणं. दुसरी फेरी चालू आयुष्याकडे: कामं, नव्या सवयी, नवी नाती. एकाच दिवसात दोन्हीकडे जाऊन येतो, आणि हे हेलकावेच त्याला तारतात. म्हणजे पहिली खोली पूर्ण झाडून, कुलूप लावून मगच दुसरीत जायचं, असा नियमच नाही. नव्या पिल्लाची लसीची तारीख लिहून ठेवता ठेवता जुन्याची फाइल हाताला लागते आणि अर्धा तास जातो. हे बिघडलेपण नव्हे, दुःख असंच चालतं.

पाळीव प्राण्याच्या बाबतीत आणखी एक भर पडते. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये ज्याला जगाची मान्यता नसलेलं दुःख म्हटलं, त्यात हे चपखल बसतं. रजा मिळत नाही. भेटायला कुणी येत नाही. ‘अरे, कुत्रंच होतं ना’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. आणि गंमत बघा, ज्यांनी पहिल्या आठवड्यात ‘कुत्रंच होतं’ म्हटलं, तेच दुसरं आणल्यावर ‘इतक्या लवकर?’ म्हणतात.

‘लगेच दुसरा आणणं म्हणजे गेलेल्याला विसरणं’

सगळ्यात जास्त दुखावणारं वाक्य हेच आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

दुःखाचं काम आधी उरकायचं, गेलेल्यातून मन काढून घ्यायचं आणि मगच ते नव्यात गुंतवायचं, ही कल्पना मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ च्या एका निबंधापर्यंत मागे जाते. त्यांच्याच घरी काय झालं ते पाहण्यासारखं आहे. त्यांना कुत्र्यांचा लळा उतारवयात लागला. १९२८ मध्ये कुटुंबाच्या स्नेही डोरोथी बर्लिंगहॅम यांनी त्यांना चाउ जातीची एक कुत्री दिली. ती पुढच्याच वर्षी रेल्वेखाली गेली. त्यानंतर काही महिने घरात कुत्रं नव्हतं, मग योफी आली. योफी त्यांच्यासोबत सात वर्षं होती, रुग्णांना तपासतानाही खोलीत बसलेली असायची. जानेवारी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ती गेली. आणि ऐंशीच्या घरातल्या, कर्करोगाने पोखरलेल्या या माणसाने काय केलं? ल्यून नावाची एक कुत्री, जिला योफीच्या मत्सरामुळे चार वर्षांपूर्वी बर्लिंगहॅम यांच्याकडे पाठवावं लागलं होतं, तिला लगेच परत आणलं. कुत्र्याशिवाय त्यांना राहवेना. एकाच माणसाने एकदा महिने घालवले, एकदा अजिबात घालवले नाहीत. योफीला ते विसरले होते असं त्यांची पत्रं वाचणारा कुणी म्हणणार नाही.

आणखी एक. १९२९ मध्ये त्यांनी मुलगा गमावलेल्या लुडविग बिन्सवांगर या सहकाऱ्याला पत्र लिहिलं. स्वतःची मुलगी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्या पत्राचा आशय असा, की रिकामी जागा कशानेही, अगदी पूर्ण भरली तरी जे येतं ते वेगळंच असतं, आणि ते तसंच असायला हवं. निबंधातल्या फ्रॉइडपेक्षा पत्रातला फ्रॉइड मला जास्त विश्वासाचा वाटतो.

१९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या तिघांनी हेच अभ्यासाच्या भाषेत मांडलं: गेलेल्याशी असलेलं नातं तोडावं लागत नाही, ते रूप बदलून चालू राहतं आणि त्यात आजारी असं काही नाही. मॉरिस फ्रँक हे अमेरिकेत मार्गदर्शक श्वान घेऊन वावरू लागलेले पहिले अंध गृहस्थ. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडहून बडी नावाची कुत्री घेऊन परतले. ती १९३८ मध्ये गेली. रस्ता ओलांडायचा म्हणजे दुसरं कुत्रं लागणारच, त्यांना वर्षभर शोक पाळत घरात बसून राहणं परवडणारं नव्हतं. त्यांनी पुढच्या कुत्र्यालाही बडीच म्हटलं, आणि त्याच्या पुढच्यांनाही. मी स्वतः तेच नाव कधी ठेवणार नाही. नव्याला हाक मारताना जुना आठवावा हे मला नव्यावर अन्याय करणारं वाटतं. पण फ्रँक यांनी पहिल्या बडीला विसरून हे केलं, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

या वाक्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र कबूल करते. काही लोक खरोखरच विसरण्यासाठी आणतात. ‘रडू थांबत नाही, काहीतरी आणा घरात.’ तिथे नवा प्राणी औषधाची गोळी होतो आणि गोळी लागू पडली नाही की तिच्यावरच राग निघतो. बटूच्या वेळी माझं निम्मं असंच होतं. आणि दुसऱ्याच्या दुःखावर आपण परस्पर पिल्लाचा उतारा द्यायला जाणं तर सपशेल चूक. नवऱ्याने बायकोला, मुलांनी वडिलांना न विचारता टोपलीतून पिल्लू आणून दिलेलं मी पाहिलंय. ज्याचा प्राणी गेला तो हसतो, आभार मानतो, आणि रात्री त्या पिल्लाकडे पाठ करून झोपतो. घरातल्या एकाचा जरी होकार आतून येत नसेल तर थांबावं. मग ते दोन आठवडे असोत की दोन वर्षं.

ज्यांना ठरवता येत नाही त्यांना मी एक मधला रस्ता सुचवते: प्राण्यांच्या निवाऱ्यातून एखादं कुत्रं-मांजर काही आठवड्यांसाठी सांभाळायला आणा. त्याला पक्कं घर मिळेपर्यंत तुमचं घर. त्यात कुणाची जागा घेतल्याचं ओझं नसतं, आणि सकाळी सहाला उठायला आपण अजून तयार आहोत का, याचं उत्तर चार दिवसांत मिळतं.

‘त्याच जातीचा, त्याच रंगाचा आणा’

दुधाची तहान ताकावर, आणि तेही ताकाला दूध म्हणून हाक मारायची. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्माला आलं. तिचं नाव सीसी. जिच्या पेशीपासून ती बनवली ती रेनबो पांढरी, काळी आणि केशरी अशी तिरंगी होती. सीसीच्या अंगावर केशरीचा ठिपकाही नव्हता. मांजरीच्या केशरी-काळ्या ठिपक्यांची वाटणी गर्भात होते, प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रांच्या जोडीतलं कुठलं एक बंद पडतं त्यावर, आणि ते जनुकांची नक्कल करून ठरवता येत नाही. जनुकं तीच असून साधा रंग जुळला नाही, मग स्वभावाचं काय घेऊन बसलात?

जातीवरून स्वभाव ओळखता येतो हाही भ्रमच जास्त. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या एका मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासली होती. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीमुळे येणारा वाटा निघाला सुमारे ९ टक्के. म्हणजे तपकिरी लॅब्रेडॉर गेला म्हणून तपकिरी लॅब्रेडॉर आणला तर रंग मिळेल, भूक बहुधा मिळेल, पण तुमच्या पायावर डोकं ठेवून उसासा टाकणारा तो मिळेलच असं नाही. उलट दिसायला सारखा असल्यामुळे दिवसातून दहा वेळा तुम्ही फसाल आणि दहा वेळा हा नवा नापास होईल.

मुलांचा मासा मेला की शाळेतून यायच्या आत तसाच दुसरा टाकीत सोडणारे पालक याच जातकुळीतले. शाळेत जायच्या आधीच्या वयात मुलांना मरण म्हणजे परत न येणं हे नीटसं उमगलेलं नसतं, साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ते कळायला लागतं. कळतं ते अशाच लहान मरणांतून. मासा बदलला हे मुलाला कळलं तर तो फसवणूक शिकतो, आणि नाही कळलं तर काहीच नाही.

‘उरलेल्याला ताबडतोब जोडीदार आणा, नाहीतर तो झुरून मरतो’

उरलेला प्राणी बदलतो हे खरं. इटलीतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये असा अभ्यास केला, ज्यात घरातल्या दोन किंवा जास्त कुत्र्यांपैकी एक गमावलेल्या ४२६ जणांना प्रश्न विचारले. ८६ टक्के लोकांनी सांगितलं की मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बिघडलं: सारखं जवळ येणं, खेळ कमी होणं, भूक कमी होणं, जास्त झोपणं, घाबरणं. ही मालकांनी दिलेली उत्तरं आहेत, त्यामुळे आपलं दुःख कुत्र्यात दिसल्याचा भाग त्यात असणारच. शिवाय दोन कुत्र्यांचं आपसात कसं जमत होतं आणि मालक स्वतः किती दुःखात आहे, याचा या बदलांशी संबंध दिसला. म्हणजे निदान काही अंशी तो तुमच्याकडे बघून घाबरलेला असतो. त्याचं फिरणं, खाणं, झोपणं ठरल्या वेळी चालू ठेवणं हा पहिला उपाय, आणि त्यासाठी कुठून काही आणावं लागत नाही.

पण माझं खरं भांडण ‘झुरतो’ या शब्दाशी आहे, कारण या शब्दाखाली आजार लपतात. बटू गेला तेव्हा घरात मनी होती, आमची मांजर. तिने खाणं सोडलं. दोन दिवस आम्ही हळवे होऊन म्हणत राहिलो, बटूच्या आठवणीत आहे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं तर मागच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, संध्याकाळी जेवली. मांजराने सलग काही दिवस खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून जीवावर बेततं, लठ्ठ मांजराला तर जास्तच लवकर. त्यामुळे दुःखाचं निदान आपण करायचं नाही. आधी तपासणी, मग कविता.

आणि जोडीदाराचं म्हणाल, तर तो कुणाला हवाय? बारा वर्षांच्या, सांधे आखडलेल्या कुत्र्याच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं पिल्लू सोडणं ही सोबत नव्हे, सासुरवास आहे. मांजरांना तर आपला इलाका प्यारा. कित्येक मांजरी एकट्या राहिल्यावर चक्क खुलतात, हे सांगायला लोकांना उगाच अपराधी वाटतं. आणायचंच ठरलं तर नव्या मांजराला आधी स्वतंत्र खोली द्यायची. दोघांचं अंथरूण अदलाबदल करून वासाची ओळख, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खाणं, मग फटीतून नजर, मग थोडा वेळ एकत्र. याला आठवडे लागतात. शी-शूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. कुत्र्यांची पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागेत, पट्टे सैल ठेवून चालता चालता. ‘ताबडतोब’ हा शब्द यात कुठेच बसत नाही. (ससे आणि गिनिपिग यांची गोष्ट वेगळी. ते कळपातले प्राणी आहेत, त्यांना एकटं ठेवणं खरोखर जाचक. तिथे मजकुराचं म्हणणं निम्मं तरी बरोबर आहे.)

जे मजकुरात नाहीच

आता महिने मोजायची गोष्ट. तुमचं कुत्रं पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या संसर्गजन्य आजाराने, गेलं असेल, तर मनाची तयारी झाली की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न फरशीचा आणि अंगणाचा.

पार्व्होचा विषाणू अंगाबाहेर कमालीचा चिवट असतो. सावलीतल्या ओलसर मातीत तो महिनोनमहिने, कधी वर्षभरही टिकतो. घरातल्या नेहमीच्या जंतुनाशकांपैकी बरीच त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत. घरगुती ब्लीच तीस पट पाण्यात मिसळून किमान दहा मिनिटं ओलं ठेवलं तर तो मरतो, पण त्याआधी जागा साबणाने घासून स्वच्छ केलेली हवी. घाण उरली असेल तर ब्लीच त्या घाणीवरच खर्च होतं. ब्लीच दुसऱ्या कुठल्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मातीला आणि गवताला हा उपाय लागूच पडत नाही. कापडी अंथरुणं, दोरीची खेळणी, जुना पट्टा टाकून द्यायचे, आठवण म्हणूनही ठेवायचे नाहीत. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय, पण इलाज नाही.

ओळखीतल्या एका घरी तीन महिन्यांचं पिल्लू पार्व्होने गेलं. मुलगी रडायची थांबेना म्हणून पंधराव्या दिवशी दुसरं आणलं, त्याच टोपलीत झोपवलं. दहा दिवसांत तेही गेलं. तिथे खरोखर थांबायला हवं होतं आणि थांबा म्हणून सांगणाऱ्यांपैकी एकालाही त्याचं खरं कारण ठाऊक नव्हतं.

अशा घरात आणायचं झालं तर लसीकरण पूर्ण झालेलं मोठं कुत्रं आणावं. पिल्लांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर काही आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत परत द्यावी लागते, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीच्या आड येते आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून ‘एक इंजेक्शन दिलंय’ म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं असं नाही. मांजरांमधल्या पॅनल्युकोपेनिया या आजाराचा विषाणूही याच घराण्यातला, तितकाच चिवट. उलट कुत्र्यांच्या डिस्टेंपर या आजाराचा विषाणू बाहेर फार काळ तग धरत नाही, मांजरांच्या ल्युकेमियाचाही नाही. त्यामुळे डॉक्टरांना विचारायचं ते नेमकं विचारावं: कशाने गेला, ते घरात किती काळ टिकतं, आणि नव्याला कुठल्या लसी झालेल्या हव्यात. या तीन उत्तरांतून जी तारीख निघेल ती पाळावी. मग ती आठवड्याची असो नाहीतर वर्षाची.

‘साठी उलटली असेल तर आणूच नका’

यामागची काळजी खोटी नाही. जोराने ओढणाऱ्या कुत्र्यामुळे पडून हाड मोडणं होतं, आणि माणूस आधी गेला तर प्राण्याचं काय, हा प्रश्न खराच आहे. पण त्याचं उत्तर ‘नको’ एवढंच कसं? साठीतल्या माणसाने आठ आठवड्यांचं मोठ्या जातीचं पिल्लू आणू नये, हे मी मान्य करते. तिशीतल्यानेही विचार करूनच आणावं. मात्र निवाऱ्यांमधून आठ-दहा वर्षांची कुत्री-मांजरं पडून असतात, त्यांना विचारायला कुणी येत नाही. त्यांचा स्वभाव बनलेला असतो, त्यांना झोप प्रिय असते, आणि त्यांचं उरलेलं आयुष्य व तुमचं यांचा मेळ बसू शकतो. काही संस्था अशा प्राण्यांचा औषधपाण्याचा खर्च स्वतःकडे ठेवून त्यांना कायमचं सांभाळायला देतात. मागे कोण बघणार हे मात्र आधीच, नाव घेऊन आणि त्या माणसाला विचारून ठरवावं. ‘मुलं बघतील’ हे ठरवणं नव्हे.

माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिची मांजर गेल्यावर सातव्या आठवड्यात तिने नऊ वर्षांचा एक बोका आणला, एका कानाने बहिरा. मी आधी विरोध केला होता, तेवढं प्रामाणिकपणे सांगते. तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. डॉक्टरांचा नंबर, थायरॉइडच्या गोळीची वेळ, वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे किल्ली आहे आणि त्या त्याला ठेवून घ्यायला तयार आहेत, अशी नोंद आणि खाली त्यांची सही. सर्वात शेवटी आईच्या अक्षरात: ‘उचलून घेऊ नका. डाव्या बाजूने हाक मारा आणि बसून राहा. तो येतो.’